मूत्रपिंडाचा रुग्ण आणि वाटीभर वरण

शाकाहार हा शब्द आपल्याकडे उच्चारला गेला की चर्चा लगोलग धर्म, जात आणि अहिंसा यांच्या वाटेला लागते. एका बाजूला शाकाहाराचे सोवळे मिरवणारे, दुसऱ्या बाजूला त्या सोवळ्याची टवाळी करणारे, अशी दोन दले उभी राहतात आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराने ग्रासलेल्या माणसाला हा वाद परवडणारा नाही. त्याच्या दृष्टीने आहार हा तत्त्वाचा नव्हे, तर हिशेबाचा प्रश्न आहे. ताटात प्रथिने किती, मीठ किती, पोटॅशियम किती आणि स्फुरद किती, या चार रकमांचा तो ताळेबंद आहे. हा ताळेबंद आज आपल्या रुग्णालयांत आणि घरांत नीट मांडला जात नाही, आणि त्याची सर्वांत मोठी किंमत ज्याचे मुख्य प्रथिन डाळ हेच आहे, अशा गरीब व निम्नमध्यमवर्गीय रुग्णाला मोजावी लागते, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विकाराचे स्वरूप प्रथम थोडक्यात पाहू. माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रथिनांच्या पचनातून उरणारा युरिया, जास्तीचे मीठ, पोटॅशियम, स्फुरद आणि आम्ल बाहेर टाकणे हे त्यांचे काम. गाळण्याची ही क्षमता मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली जाऊन तीन महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली, तर त्याला दीर्घ मूत्रपिंडविकार म्हणतात. ती १५ च्या खाली गेली की यंत्राद्वारे रक्तशुद्धी, म्हणजे डायलिसिस, किंवा मूत्रपिंडरोपण यांचा विचार करावा लागतो. मधुमेह आणि रक्तदाब ही या विकाराची दोन प्रमुख कारणे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभर दुर्दैवी माणसांचा आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आजच्या मधुमेहींपैकी अनेकांपुढे तो उद्या उभा राहणार आहे.

'डाळ बंद' कोठून आले?

निदान झाल्यावर रुग्णाच्या हाती बहुधा एक छापील कागद पडतो. त्यावर 'वर्ज्य' या मथळ्याखाली लांबलचक यादी असते: डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, पालेभाज्या, टोमॅटो, बटाटा, केळी, सुका मेवा. शाकाहारी माणसाने ही यादी शिरोधार्य मानली, तर त्याच्या ताटात भात, दुधी आणि साबुदाणा याखेरीज फारसे काही उरत नाही. महिना-दोन महिन्यांत त्याचे वजन उतरते, हातापायांतील ताकद जाते. आणि घरची माणसे म्हणतात, 'आजारच तसा आहे.' वस्तुतः त्या क्षीणतेत आजाराचा वाटा किती आणि त्या कागदाचा किती, हे कोणी तपासतच नाही.

या कागदाला इतिहास आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी डायलिसिसची सोय जगातही जवळजवळ नव्हती. त्या काळात इटलीमध्ये जोर्दानो यांनी १९६३ साली आणि जोव्हानेत्ती व माज्जोरे यांनी १९६४ साली अत्यल्प प्रथिनांचा आहार मांडला. दिवसाला सुमारे २० ग्रॅम प्रथिने, आणि तीही मुख्यतः अंड्यासारख्या 'उच्च जैविक मूल्या'च्या पदार्थांतून, असे त्याचे सूत्र होते. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांची मळमळ व ग्लानी त्याने कमी झाली, म्हणून तो जगभर पसरला. पुढे प्रमाण वाढले, पण निम्मी प्रथिने तरी उच्च जैविक मूल्याची, म्हणजे प्राधान्याने प्राणिज असावीत, हा दंडक पाठ्यपुस्तकांत कायम राहिला. डाळीचे प्रथिन 'हलक्या प्रतीचे' ठरले ते असे. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीतील उणीव दुसरी भरून काढते, हे आपल्या वरणभाताचे साधे गणित त्या दंडकात कोठेच बसत नव्हते. कारण तो दंडक वरणभात खाणाऱ्यांसाठी लिहिलेलाच नव्हता.

गेल्या दोन दशकांत या समजुतीची फेरतपासणी झाली आहे. स्फुरदाचेच उदाहरण घेऊ. दुबळ्या मूत्रपिंडाला स्फुरद बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठतो, हाडे पोखरतो आणि रक्तवाहिन्या कडक करतो. डाळीत स्फुरद पुष्कळ असतो, म्हणून डाळ नको, असे म्हटले जाई. परंतु डाळी व धान्ये यांतील बराचसा स्फुरद फायटेट या रूपात बांधलेला असतो, आणि ते रूप फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळे त्यातला निम्म्याहूनही कमी स्फुरद अंगी लागतो. उलट डबाबंद व पाकीटबंद पदार्थांत टिकवण्यासाठी अथवा फुगवण्यासाठी घातलेली फॉस्फेटे नव्वद टक्क्यांपर्यंत शोषली जातात. अमेरिकेतील इंडियाना येथे शॅरन मो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ रुग्णांना एक आठवडा शाकाहारी आणि एक आठवडा मांसाहारी जेवण दिले. दोन्ही आहारांतील प्रथिने व स्फुरद यांचे प्रमाण जवळपास सारखे असूनही शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातील स्फुरद कमी आढळला. नऊ रुग्ण आणि दोन आठवडे हा पुरावा लहान आहे. पण तो दिशा दाखवणारा आहे.

आम्लाचेही तसेच. मांसातील गंधकयुक्त प्रथिनांमुळे शरीरात आम्ल अधिक साठते. फळे-भाज्या ते कमी करतात. टेक्सासमधील निमृत गोराया आणि डोनाल्ड वेसन यांनी २०१३ साली दाखवून दिले की, विकाराच्या चौथ्या अवस्थेतील निवडक रुग्णांत फळे-भाज्यांनी आम्लता कमी करण्याचे काम सोड्याच्या गोळ्यांच्या तोडीने केले. मात्र ज्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढण्याचा धोका कमी आहे, असेच रुग्ण त्यांनी निवडले होते, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. या साऱ्याचा परिणाम म्हणून 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्राणिज पदार्थांपेक्षा वनस्पतिज पदार्थ अधिक आणि कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी असा सल्ला दिला. ज्या आहाराला आपण साठ वर्षे 'हलक्या प्रतीचा' म्हणत आलो, त्याच्याकडे शास्त्र आता आदराने पाहू लागले आहे.

शाकाहार म्हणजे अभय नव्हे

परंतु याचा अर्थ शाकाहाराचा जयजयकार करावा असा नाही. अमेरिकेतील मूत्रपिंड प्रतिष्ठानाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेने तर प्रथिन वनस्पतिज असावे की प्राणिज, याविषयी ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असेच म्हटले आहे. नुसत्या प्रथिनकपातीने विकाराची वाटचाल किती मंदावते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत मोठी चाचणी झाली. तिचे १९९४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्षही अपेक्षेइतके निर्णायक नव्हते. शास्त्र जेथे सावध आहे, तेथे आपण बेधडक होण्याचे कारण नाही.

शिवाय 'शाकाहारी' आणि 'निर्धोक' हे समानार्थी शब्द नाहीत. पापड, लोणचे, सांडगे आणि फरसाण हे सारे शुद्ध शाकाहारीच; पण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाला ५ ग्रॅम मिठाची मर्यादा ते बघता बघता ओलांडायला लावतात. सैंधव हे उपवासाला चालते म्हणून मूत्रपिंडालाही चालते, हा भ्रम आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ त्याहून घातक ठरू शकते, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. शेतकऱ्याच्या भाषेत ज्याला आपण पालाश म्हणतो, ते हे पोटॅशियम रक्तात एका मर्यादेपलीकडे वाढले तर हृदय अकस्मात बंद पडू शकते. आजाऱ्याला भेटायला जाताना नेले जाणारे शहाळे पोटॅशियमने भरलेले असते. कापल्यावर चांदणीसारखे दिसणारे कमरख हे आंबट फळ तर या रुग्णांनी चाखूही नये. त्यातील विष मूत्रपिंडावाटे बाहेर न पडता मेंदूवर परिणाम करते. आणि आपला उपवास! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण थट्टेची असली, तरी बटाटा, रताळी, केळी, खजूर आणि शेंगदाणे यांनी सजलेले उपवासाचे ताट पोटॅशियमच्या हिशेबाने पाहिले, तर या रुग्णासाठी ती थट्टा राहत नाही.

तथापि उपाय बहुतेक वेळा 'बंद' हा नसून 'मोजून आणि रीतीने' हा असतो. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे तिच्यातील पोटॅशियम बरेच कमी होते. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात शिजवलेल्या भाजीत वा डाळीत मात्र ते जागच्या जागी राहते. वरणाच्या बाबतीत तर आपण नेमके उलटे वागतो. 'हलके' म्हणून रुग्णाला वरचे पाणी देतो आणि खालची डाळ घरच्यांना वाढतो. म्हणजे पाण्यात उतरलेले पोटॅशियम रुग्णाला, आणि त्याला हवे असलेले प्रथिन इतरांना! पोटॅशियम वाढण्याचे कारण नेहमी ताटातच असते, असेही नाही. रक्तदाबाची काही औषधे, अनियंत्रित मधुमेह आणि बद्धकोष्ठ हीही कारणे असतात. या गोष्टी कोणी समजावून सांगितल्या, तर कित्येक ताटांत डाळ परत येऊ शकेल. पण समजावून सांगणार कोण?

साठ किलोंचा ताळेबंद

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून एक ढोबळ हिशेब करू. रुग्णाचे वजन ६० किलो आहे असे समजू. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी त्याला किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३६ ते ४८ ग्रॅम प्रथिने पुरतात. चार पोळ्यांतून सुमारे १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम तांदळाच्या भातातून ८, तीस ग्रॅम डाळीच्या वाटीभर वरणातून साडेसहा, पावशेराहून किंचित कमी दूध-दह्यातून साडेसहा आणि भाज्यांतून तीन-चार ग्रॅम. बेरीज ३७ च्या आसपास येते. म्हणजे मराठी घरातले साधे, नेमस्त जेवण हेच या अवस्थेचे पथ्य आहे! त्यातून वरण काढून घेतले की ताळेबंद तुटीत जातो. ज्याला 'बंद' म्हटले गेले, तीच या हिशेबातील आधाराची रक्कम आहे.

डायलिसिस सुरू झाले की मात्र सारा हिशेब उलटतो. प्रत्येक वेळी यंत्रातून रक्त फिरताना काही प्रथिनद्रव्ये निघून जातात, शरीराची झीजही वाढते. म्हणून किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे आपल्या रुग्णाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने लागतात. काल ज्याला कमी खाण्याची सवय लावली, त्याला आज जवळपास दुप्पट खाण्यास सांगायचे असते. हा बदल अनेकांच्या कानापर्यंत पोचतच नाही. जुना कागद भिंतीवर तसाच चिकटलेला असतो आणि रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास यंत्राशेजारी पडून, घरी येऊन पुन्हा दुधी-भात खातो. शुद्ध शाकाहारी माणसाला २५ ते ३५ ग्रॅमांची ही तूट भरून काढणे कठीण असते, हे मान्य केले पाहिजे. पनीर, दही, सोयाबीन, जास्तीची डाळ आणि ज्याला चालेल त्याला अंड्याचे पांढरे असे मार्ग आहेत. पण प्रत्येकाबरोबर स्फुरद वा पोटॅशियम किती येते, हे रक्ततपासणीशी ताडून ठरवावे लागते. अंडे खावे की नाही हा निर्णय रुग्णाचा. त्याच्या श्रद्धेची हेटाळणी न करता त्याला पर्याय आखून देणे हे तज्ज्ञाचे काम.

आणि हे पर्याय फुकट मिळत नाहीत. डायलिसिसचे दिवस म्हणजे रोजगार बुडालेले दिवस. घरातील मिळकत घटलेली असताना खाण्यावरचा खर्च वाढवा, असे आपण त्या कुटुंबाला सांगत असतो. त्यातही रुग्ण स्त्री असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. जी सर्वांना वाढून मागाहून जेवते, ती स्वतःसाठी वेगळी भाजी उकळून पाणी फेकणार केव्हा आणि स्वतःच्या ताटात जास्तीचे पनीर वाढून घेणार कशी? पथ्य हा वैद्यकाचा विषय मानला जातो. पण ते पाळले जाते ते घराच्या अर्थव्यवस्थेत आणि घरातील मानपानाच्या उतरंडीत.

यंत्र दिले, अन्नाचे काय?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही या उपचारांना आधार मिळतो. परंतु या साऱ्याचा भर यंत्रावर आहे. रुग्ण आठवड्यातले आठ-बारा तास यंत्रावर असतो आणि उरलेले दीडशेहून अधिक तास आपल्या स्वयंपाकघराच्या भरवशावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून तेही मोफत. पण ते धान्य आहे. त्यातून दिवसाला फार तर तेरा ते अठरा ग्रॅम प्रथिने मिळतात. डाळ त्या कायद्याच्या हक्कात नाही. म्हणजे उपचारावर होणारा सार्वजनिक खर्च कुपोषणाच्या भोकातून गळून जातो. हौदाला नवा नळ बसवायचा आणि तळाची चीर तशीच ठेवायची, यातला हा प्रकार आहे.

याबाबतीत आपल्यापुढे घरचाच धडा आहे. क्षयरुग्णाला औषधाइतकेच अन्न लागते हे ओळखून केंद्र शासनाने एप्रिल २०१८ पासून उपचारकाळात दरमहा ५०० रुपये पोषणसाहाय्य सुरू केले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये केले. आंध्र प्रदेश राज्याने डायलिसिसवरील रुग्णांना मासिक अर्थसाहाय्य देण्याची प्रथा पाडली आहे. महाराष्ट्राला हे अशक्य का असावे?

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिली, शासकीय पैशावर चालणाऱ्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात आहारतज्ज्ञाची नेमणूक सक्तीची व्हावी, आणि तिने वा त्याने रुग्णाशी व घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशी दर महिन्याला रक्ततपासणीचा कागद समोर ठेवून बोलावे. कोकणातील भात-आमटी, देशावरची भाकरी-पिठले आणि विदर्भातील वरण-पोळी यांसाठी एकच यादी चालणार नाही. दुसरी, डायलिसिसवरील गरजू रुग्णाला शिधापत्रिकेवर डाळ आणि त्याबरोबर काही रोख साहाय्य मिळावे. तिसरी, पाकीटबंद पदार्थांवर पोटॅशियम व स्फुरद यांचे प्रमाण छापणे बंधनकारक व्हावे. आजच्या नियमांप्रमाणे वेष्टनावर प्रथिने, साखर, स्निग्धांश, सोडियम यांचे आकडे द्यावे लागतात. या दोहोंचे नाही. तोवर सुशिक्षित वाचकांनी एवढे तरी करावे: घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले तर तेथे फॉस्फेट घातले आहे असे समजावे, आणि घरात असा रुग्ण असेल तर ते पाकीट दुकानातच राहू द्यावे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, डॉक्टरांना वेळ नाही. शंभर रुग्णांमागे एक डॉक्टर असताना 'बंद' हाच सुरक्षित सल्ला. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष आहारतज्ज्ञ नेमा असा निघतो, डाळ तोडा असा नव्हे. पोटॅशियमने होणारा मृत्यू एका रात्रीत होतो म्हणून तो दिसतो. उपासमारीने होणारी झीज दीड-दोन वर्षे चालते, म्हणून ती मोजली जात नाही, एवढाच काय तो फरक. दुसरा आक्षेप पैशाचा. पण ज्या रुग्णावर शासन आधीच दर आठवड्याला खर्च करते, त्याच्या ताटात महिन्याला काही किलो डाळ घालणे हा त्या मूळ गुंतवणुकीचा विमा आहे, उधळपट्टी नव्हे.

या लेखातील आकडे वाचून कोणी स्वतःच्या मनाने पथ्य सोडू नये वा धरू नये. प्रत्येकाचे मूत्रपिंड, वजन आणि रक्ततपासणी वेगळी असते. मात्र पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्याजोगे प्रश्न प्रत्येकाला विचारता येतील: मला दिवसाला किती ग्रॅम प्रथिने हवीत? माझे पोटॅशियम आणि स्फुरद सध्या किती आहे? मी वाटीभर वरण का खाऊ नये? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दोहोंच्या आधारे मिळाले, तर ते पथ्य. तसे मिळाले नाही, तर तो केवळ एक जुना छापील कागद. आणि त्या कागदापायी कोणाच्याही ताटातली वाटी रिकामी राहता कामा नये.